हार्ट अटॅकनंतर परत सायकल: कुणी केलंय का?

पंक्चरवाला
नमस्कार मंडळी. इथे सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय.

वय ५३, राहणार माहीम. डिसेंबरात अटॅक आला. सायकलवर नाही, सोफ्यावर. रविवारची नेहमीची माहीम ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए आणि परत अशी फेरी मारून आलो, आंघोळ केली, पोहे खाल्ले आणि मॅच बघत बसलो होतो, तर छातीवर कुणीतरी गव्हाचं पोतं आणून ठेवल्यासारखं झालं. मी म्हटलं पोह्यात मिरची जास्त पडली. इनो घेतलं, ढेकर आला, वाटलं सुटलो. बायकोने कपाळावरचा घाम बघितला, डिसेंबर महिना आणि पंखा पाचवर, बास, तिने पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. इकडे रिक्षा नाहीत, टॅक्सीवाला थांबेना, शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलाने गाडी काढली. एलएडी म्हणतात ती पुढची मोठी नळी बंद झालेली. त्याच दुपारी मनगटातून अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. तेव्हा ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ४०; दीड महिन्याने टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला त्यात ४८.

आता अकरा आठवडे झालेत. रोज पाऊण तास चालतो, काही त्रास नाही. डॉक्टर म्हणतात सायकलचं ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट झाल्यावर बघू. त्यापुढे विचारायला जावं तर बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आपल्यालाच लाज वाटते.

सायकल पॅसेजमध्ये उभी आहे. बायकोने तिच्यावर चादर घातलीय. पांढरी. मी म्हटलं अगं निदान रंगीत तरी घाल.

तर प्रश्न असा, की तुमच्यापैकी कुणी अटॅकनंतर परत सायकल सुरू केली का, कधी केली, नाडी कितीपर्यंत जाऊ दिली? आणि अजून एक. मला दम लागण्याची भीती नाही वाटत. हाजीअलीपर्यंत गेलो आणि तिथे काही वाटायला लागलं तर परत कसा येणार, ही भीती वाटते. चालताना निदान कठड्यावर बसता येतं.

चहाबाज
काळजी घ्या काका. धागा वाचतोय, आमच्याकडेही एक पेशंट आहेत, चादर घालायला सायकल मात्र नाही.

घाटवाट्या
काही घाबरू नका हो! माझ्या मित्राला स्टेंट पडला, दोन महिन्यात त्याने १०० किमी मारले, कसाऱ्याचा घाट चढला. सगळं मनावर असतं. डॉक्टर लोक घाबरवतात फुकट.

फिजिओताई
घाटवाटे, तुमचा मित्र सुखरूप आहे याचा आनंद आहे, पण त्याचं उदाहरण कृपा करून इथे देऊ नका. त्याचा अटॅक केवढा होता, ईएफ किती, बाकीच्या नळ्या कशा होत्या, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेतात तिथे, काम करते. पंक्चरवाला, तुमच्या डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्टपर्यंत थांबा सांगितलंय तर थांबा, तेवढं थांबून काही बिघडत नाही. तोवर चालणं चालू ठेवा आणि जिना चढून बघा. न थांबता दोन मजले चढलात की साधारण चार मेट झाले (मेट हे श्रमाचं माप, नुसतं बसणं म्हणजे एक), समुद्राकाठी गप्पा मारत सायकल चालवायला जवळपास तेवढेच लागतात.

नाडीचं नीट वाचा, कारण इथे सगळे फसतात. २२० वजा वय हा हिशेब तुमच्यासाठी बाद. तुम्ही मेटोप्रोलॉल किंवा तसली बीटा ब्लॉकरची गोळी घेत असणार, ती नाडी वर जाऊच देत नाही. म्हणजे घड्याळ ११० दाखवतंय आणि तुमची मात्र पार दमछाक झालीय असं होऊ शकतं. घड्याळापेक्षा तोंडावर भरवसा ठेवा: चालवता चालवता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर जरा जोर वाढवायला हरकत नाही, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने ६ ते २० अशी पट्टी करून ठेवलीय, ६ म्हणजे नुसतं बसणं आणि २० म्हणजे जीव तोडून. आम्ही सुरुवातीला ११ ते १३ च्या मध्ये ठेवतो. सहापासून का, तर निरोगी माणसात आकड्याला दहाने गुणलं की अंदाजे नाडी यावी म्हणून.

पंक्चरवाला
ताई, मेटोप्रोलॉल आहेच. म्हणजे महिनाभर मी घड्याळात ९५ बघून उगाच खूश होत होतो. घड्याळ मुलाने दिलंय आणि ते बायकोच्या फोनला जोडलंय. चार्जिंगला काढून ठेवलं की ती स्वयंपाकघरातून हाक मारते, "आहात ना?"

बायपासवाला
माझा अनुभव लिहितो, पण माझं स्टेंट नाही, बायपास होती, त्यामुळे हिशेब वेगळा. छातीचं हाड मधोमध कापून तारेने शिवलेलं असतं. पहिले दीड-दोन महिने खोकला आला तर छातीला उशी कवटाळून खोकायचं. त्यात हँडलवर वजन टाकणं म्हणजे काय ते विचारू नका. सर्जननी तीन महिने सायकलचं नाव काढायचं नाही सांगितलं होतं. दुसरं म्हणजे पायातली शीर काढून हृदयाला लावतात ना, तो पाय संध्याकाळी सुजायचा, मोज्याची खूण तासभर जायची नाही. तीन महिन्यांनी घरातल्या उभ्या सायकलवर दहा मिनिटं, भिंतीकडे तोंड करून. इतकं कंटाळवाणं काम आयुष्यात केलं नाही. पाचव्या महिन्यात रस्त्यावर आलो तेव्हा चेंबूरच्या गल्लीत एका कुत्र्याने पाठलाग केला आणि तीच माझी स्ट्रेस टेस्ट झाली म्हणायची. पास झालो.

आता सहा वर्षं झाली. रोज १२-१५ किमी. शर्यत नाही, ग्रुप नाही. ग्रुपमध्ये गेलं की पुढच्याचं चाक बघून पाय आपोआप जोरात फिरतो, हा माझा स्वभाव मला माहीत आहे.

आजीबाईचा_बटवा
रोज सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस आणि अर्जुनसालीचा काढा. ब्लॉकेज विरघळतात. आमच्या ओळखीत एकाचे ८० टक्क्यांवरून ३० झाले, गोळ्या बंद केल्या.

फिजिओताई
बटवेवाल्या आजी, राग मानू नका. दुधी भाजी म्हणून खा की, छान असतो. पण रस कडू लागला तर एक घोटही पुढे पिऊ नये, कडू दुधीने माणसं अत्यवस्थ झालेली आहेत. आणि गोळ्या बंद करणं हे तर कुणी वाचूनही मनात आणू नका. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते पहिल्या अटॅकपेक्षा वाईट. ज्यांना बंद करायच्या त्यांनी ज्याने लिहून दिल्या त्यालाच विचारायचं.

वडापावप्रेमी
मी एक साधा माणूस विचारतोय, सायकलिंग करून आल्यावर एक वडापाव चालतो का? जाळलेल्या कॅलरीत बसवून?

चहाबाज
तुमचा आयडी बघून उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

गिरगावची_मावशी
मी सहसा नुसती वाचते, आज लिहिते. वर सगळे पुरुषच बोलतायत म्हणून.

मला दोन वर्षांपूर्वी झाला, तेव्हा ४९ ची होते. छातीत अजिबात दुखलं नाही. जबडा दुखत होता, मला वाटलं दाढ. पाठीत दोन खांद्यांच्या मधे भरून आल्यासारखं, मळमळ, आणि असा थकवा की डाळीला फोडणी द्यायला हात उचलवेना. दोन दिवस काढले. एका ठिकाणी दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी "मेनोपॉजचं वय आहे, ॲसिडिटी आणि टेन्शन" म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, ईसीजीसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाईने जबरदस्तीने दुसरीकडे नेलं, तिथे रक्तातलं ट्रोपोनिन बघितलं, अटॅकमध्ये ते वाढतं, आणि माझी खुर्चीच काढून घेतली, स्ट्रेचरवर झोपवलं. म्हणजे बघा, पुरुषाला घाम आला की गाडी काढतात आणि बाईला घाम आला की म्हणतात वय झालं.

घरी आल्यावर सगळे म्हणाले आता आराम कर. बाईच्या आरामाचा अर्थ असा की भाजी निवडायला आणून दिली, बसून निवड. व्यायाम कुणी काढलाच नाही. मीच विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले जेवढं सोसेल तेवढं चाला. आमची चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना. पहिल्या आठवड्यात एक मजला चढून पायरीवर बसायचे, शेजारणी विचारायच्या काय झालं, सांगून सांगून कंटाळा आला म्हणून हातात भाजीची पिशवी ठेवायचे, म्हणजे वाटावं ओझ्याने दमली. तीन महिन्यांनी सबंध जिना एका दमात. आणि मग वर्षाने, हसू नका, सायकल शिकले. लहानपणी भावाला मिळाली होती, मला नव्हती मिळाली. मुलीने चौपाटीच्या बाजूला पहाटे साडेपाचला मागून धरून शिकवली. दोनदा पडले, गुडघ्यावर हे एवढं काळंनिळं, गोळ्यांमुळे तीन आठवडे गेलं नाही. तेव्हा पडण्याचं बघा हो सगळ्यांनी, दमण्याचं सगळे बघतात.

बायपासवाला
मावशी, भाजीच्या पिशवीसाठी साष्टांग दंडवत.

चहाबाज
+१. आणि धागा आज घरी वाचून दाखवला, आई म्हणाली तिचाही जबडा दुखतो कधीकधी. उद्या ईसीजी काढून आणतो.

पंक्चरवाला
मावशी, वाचून गप्प झालो. पडण्याचं मी खरंच धरलं नव्हतं. दाढी करताना जरासं कापलं तर तुरटी लावून अर्धा तास टॉवेल धरून बसलो होतो. हेल्मेट आहे माझ्याकडे, पण खरं सांगतो, आजवर ते हँडललाच लटकलेलं असायचं.

फिजिओताई
आता ते डोक्यावर. यात तडजोड नाही. डोक्यावर आपटलात आणि वरून काही दिसत नसलं तरी या गोळ्या चालू असताना दवाखान्यात जाऊन दाखवायचंच. आणि खिशात एक कागद, त्यावर गोळ्यांची नावं, रक्तगट, घरचा फोन.

अजून एक, कारण वर कुणी विचारलं नाही पण बरेच जण यात घाबरतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांतली एक टिकाग्रेलॉर असेल तर काही लोकांना बसल्या बसल्या अचानक खोल श्वास घ्यावासा वाटतो. चढताना नाही, चक्क बसलेले असताना. ते गोळीचं असू शकतं. पण कशामुळे आहे ते आपणच ठरवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं आणि गोळी स्वतःहून सोडायची नाही.

इतिहासवेडा
ॲसिडिटीवरून आठवलं. आयझेनहॉवर, अमेरिकेचे अध्यक्ष, १९५५ च्या सप्टेंबरात डेन्व्हरला गोल्फ खेळले, कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि पोटात गडबड वाटते म्हणाले. रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हाही सुरुवातीला पोटाचंच समजले. निघाला हार्ट अटॅक. म्हणजे पोह्यातली मिरची आणि हॅम्बर्गरमधला कांदा, देश वेगळे पण पेशंट एकच!

त्या काळी अटॅक आलेल्या माणसाला महिना-दीड महिना अंथरुणात उताणा ठेवायचे, कूस वळू द्यायचे नाहीत. पायात गुठळ्या होऊन माणसं जायची. १९५२ च्या सुमारास लेव्हाइन आणि लाउन या दोन डॉक्टरांनी पेशंटला खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तर बाकीच्यांना ते भयंकर वाटलं होतं. आयझेनहॉवरना बघायला बॉस्टनहून पॉल डडली व्हाइट आले, ते स्वतः पक्के सायकलवाले. लोकांना म्हणायचे चाला, सायकल चालवा. पुढल्या वर्षी आयझेनहॉवर परत निवडून आले. बॉस्टनमध्ये नदीकाठच्या एका सायकलमार्गाला व्हाइट यांचं नाव आहे. आपल्याकडे कार्डिओलॉजिस्टचं नाव रस्त्याला दिलं तर त्यावर दुसऱ्या दिवशी पार्किंग सुरू होईल.

बेस्टपुत्र
मग लंडनच्या बसचंही सांगा की. १९५३ मध्ये मॉरिस म्हणून एका डॉक्टरने डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून उतरून. कंडक्टरना हृदयविकार कमी. व्यायाम आणि हृदय यांची सांगड घालणारा हा मोठा अभ्यास मानतात.

आमचे पिताश्री बेस्टमध्ये कंडक्टर होते, डबलडेकरवर. तिकिटाची पेटी टकटकवत दिवसातून किती वेळा वर-खाली करत असतील देव जाणे. पोटऱ्या दगडासारख्या. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डबलडेकर शेवटची धावली तेव्हा मी मुद्दाम त्यांना बघायला घेऊन गेलो होतो, वय ८१, माझ्या आधी वरच्या मजल्यावर पोचले.

शंकेखोर
पिताश्रींना नमस्कार. पण अभ्यासाची दुसरी बाजू अशी की त्याच मॉरिसने नंतर १९५६ मध्ये गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी आधीपासूनच कमरेला मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे बसून बसून जाड झाले की मुळात जाड माणसं ड्रायव्हर झाली? जिन्याला सगळं श्रेय देऊ नका.

बेस्टपुत्र
घ्या, आता माझ्या बापाच्या पोटऱ्यांवरही शंका.

इतिहासवेडा
अवांतर: मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगला. शंकेखोर, याचं काय करायचं?

शंकेखोर
त्याची पँट मोजली होती का कुणी?

तात्पुरता_आयडी
एक नाजूक प्रश्न आहे, म्हणून नवीन आयडी काढला. व्यायाम झाला, सायकल झाली, पण "बाकीचं" कधीपासून? डॉक्टरांसमोर बायको बसलेली असते, विचारता येत नाही.

वडापावप्रेमी
बायको बसलेली असते तरी विचारता येत नाही? प्रश्न तिचाही आहे ना!

फिजिओताई
नाजूक काही नाही, आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारतो, बहुतेक वेळा दार अर्धवट उघडून, निघता निघता. तेच गणित: दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता आले की सहसा हरकत नसते. मात्र एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्यांना दिलीय त्यांनी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वगैरे गोळ्या परस्पर केमिस्टकडून आणून घ्यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र झाल्या तर बीपी धाडकन उतरतं, जीवावर बेततं.

तात्पुरता_आयडी
धन्यवाद ताई. दार अर्धवट उघडणारा तो बहुतेक मीच होतो.

कट्टेकरी
अरे मूळ प्रश्न राहिलाच की, हाजीअलीहून परत कसा येणार.

काका, जाऊच नका हाजीअलीला. तुम्ही लोक सायकल म्हटली की लगेच कुठेतरी "जाता". जितकं गेलात तितकं परत यायचं असतं, आणि जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर असतो, वरळी सीफेसला हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. त्यात पुढे गेलात तर पेडर रोडचा चढ. तुम्ही शिवाजी पार्कला या. कट्ट्याची एक फेरी जेमतेम सव्वा किलोमीटर, बाहेरचा रस्ता थोडा जास्त. कुठेही असलात तरी सुरुवातीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. दमलात की कट्टा आहेच, बसा. ओळखीची चार तोंडं दर फेरीला दिसतात, एखाद्या फेरीला तुम्ही दिसला नाहीत तर कुणीतरी विचारेल. पहाटे साडेपाच ते साडेसहा, त्यानंतर क्लासची पोरं आणि गाड्या.

घाटवाट्या
शिवाजी पार्कला गोल गोल? घाण्याचा बैल आहे का?

कट्टेकरी
घाण्याच्या बैलाला अटॅक आल्याचं ऐकलंय का कधी?

ठाणेकर_जावई
कट्टेकरींशी सहमत. मी पॅडल असिस्टवाली ई-सायकल घेतली अटॅकनंतर, लोक हसले, हसू देत. मुंबईत चढ म्हणजे उड्डाणपूल, तिथे मोटर लावायची, बाकी पाय. कोस्टल रोड आणि सी-लिंकवर सायकल चालत नाही, बीकेसीतल्या सायकल ट्रॅकवर काय काय उभं असायचं ते सर्वांनी बघितलंय, तेव्हा जागा आपणच शोधायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समीर ॲपवर हवेतलं प्रदूषण बघून निघतो, आकडा वाईट असेल तर त्या दिवशी घरात. आता मार्चनंतर उलटं, हवा बरी पण घामाच्या धारा. बीपीच्या गोळ्या चालू असताना घाम गेला की उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, हे मला मुलुंड चेकनाक्याला उतरल्यावर कळलं, सायकलला धरून उभा होतो म्हणून वाचलो.

फिजिओताई
त्यासाठीच थांबायच्या आधी पाच-दहा मिनिटं हळूहळू पाय फिरवत राहायचं. जोरात चालवून एकदम थांबलात की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते. सुरुवातीलाही तेवढंच हळू. आणि वाढवताना आधी मिनिटं वाढवा, मग आठवड्यातले दिवस, वेग सगळ्यात शेवटी. छातीत दाब, जबडा, डावा हात, धडधड, विचित्र घाम, यातलं काहीही झालं तर उतरायचं, बसायचं, सॉर्बिट्रेट दिली असेल तर बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. "जरा बघू, थांबेल" हे वाक्य एकदा म्हणून झालंय तुमचं, इनो घेताना.

पंक्चरवाल्याची_बायको
नमस्कार. मुलाने लिंक पाठवली म्हणून वाचलं. यांनी माझ्या चादरीची गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे तर माझंही ऐका.

घरात जादाची चादर तेवढी एकच होती. बाकीच्या हॉस्पिटलमध्ये नेल्या होत्या, त्या परत आल्यावर मला त्या नको वाटल्या, कामवालीला देऊन टाकल्या. म्हणून पांढरी.

यांना भीती हाजीअलीची वाटते. मला रात्रीची वाटते. डिसेंबरपासून मी रात्री दोनदा उठते आणि यांचं पोट वरखाली होतंय का बघते. घोरतात तेव्हा मला बरं वाटतं, आधी चोवीस वर्षं मी त्यावरून भांडले. सायकलला माझा विरोध नाही, सायकल करत होते म्हणूनच थोडक्यात निभावलं असं डॉक्टर मला म्हणाले. पण त्या दिवशी सकाळी पेडर रोड चढताना यांना छातीत जड झालं होतं, हे यांनी मला आठव्या दिवशी वॉर्डमध्ये सांगितलं. घरी येऊन पोहे खाल्ले आणि गप्प बसले. इथेही लिहिलेलं नाही. बघा वर.

तर माझं म्हणणं एवढंच. शिवाजी पार्क चालेल. हेल्मेट घालायचं. मी कट्ट्यावर बसेन. आणि काही वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं, आठव्या दिवशी नाही.

गिरगावची_मावशी
वहिनी, मी येते सोबत कट्ट्यावर बसायला. माझी मुलगीही म्हणते की ती रात्री दार लोटून बघायची.

बायपासवाला
पंक्चरराव, उत्तर द्या आता.

पंक्चरवाला
काय उत्तर देणार. खरं आहे. जड झालं होतं, केम्प्स कॉर्नरला थांबलो, पाणी प्यायलो, दोन मिनिटांत गेलं. म्हटलं झोप कमी झालीय. सांगितलं असतं तर पुढचे चार रविवार बंद झाले असते म्हणून नाही सांगितलं. चार रविवार वाचवायला गेलो आणि अकरा गेले.

पंक्चरवाला
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

स्ट्रेस टेस्ट झाली. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी: छातीवर वायरी चिकटवतात, त्याआधी तिथले केस भादरतात, आणि ट्रेडमिलवर चढवतात. सुरुवातीलाच पट्टा चढाला असतो, वेग मात्र अगदी वरातीचा, ताशी पावणेतीन किलोमीटर. दर तीन मिनिटांनी चढही वाढतो आणि वेगही. सहाव्या मिनिटापर्यंत मी टेक्निशियनशी गप्पा मारत होतो, आठव्याला गप्पा बंद. नऊ मिनिटं दहा सेकंद. दहा मेट. ईसीजीत काही बदल नाही. डॉक्टर म्हणाले करा सायकल, शर्यत नको, एकटे नको. या वेळी यादी लिहून नेली होती, ताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न, चाळीस पेशंट असले तरी विचारले. त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. मीच उगाच लाजत होतो.

परवा रविवारी सव्वापाचला चादर काढली. दोन्ही टायर बसलेले, चेनला गंज. पंप मुलाने कुणाला तरी दिलेला. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सातशिवाय उघडत नाही. मग काय, सायकल हातात धरून माहीमहून शिवाजी पार्कपर्यंत चालत, बायको शेजारी, हेल्मेट डोक्यावर. दूधवाल्याने विचारलं, "पंक्चर?" म्हटलं हो, दोन्ही. तिथे एका मुलाकडे पंप मिळाला. तो हवा मारायला लागला तर बायकोने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी मारायची नाही.

पहिली फेरी बाराव्या नंबरची, बोर्गच्या. दुसरी अकराची. तिसऱ्या फेरीला वळणावर पायाने आपोआप जोर केला आणि छातीत काहीतरी झालं. काय झालं ते मला अजून सांगता येत नाही, दुखलं नाही, दाब नाही, बहुतेक नुसती धडधड. आधीचा मी असतो तर पुढे गेलो असतो. हळूहळू पाय फिरवत कट्ट्यापर्यंत आलो, उतरलो, बायकोला सांगितलं, "काहीतरी वाटलं." ती पर्स उघडायला लागली. पाच मिनिटं बसलो दोघं. काही नव्हतं. गोळी घ्यावी लागली नाही. सोमवारी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी एक दिवस छातीला लावून ठेवायचं होल्टर मशीन लावलं, रिपोर्ट नॉर्मल.

एकूण तीन फेऱ्या, चारेक किलोमीटर. येताना परत चालत.

फिजिओताई
शंभरपैकी शंभर, आणि ते फेऱ्यांना नाहीत.

कट्टेकरी
अहो म्हणजे ते तुम्हीच होय! पिवळं हेल्मेट आणि उलटं घातलेलं?

पंक्चरवाला
उलटं होतं??

पंक्चरवाल्याची_बायको
मला वाटलं तसंच असतं.

वडापावप्रेमी
शिवाजी पार्कला गेलात आणि वडापाव न खाता आलात?

पंक्चरवाला
तिने अर्धा खाल्ला. मी बघितला.